उपवासकाळ पाळायचा की सजवायचा?

गासकर
परवा इथे एका ताईंनी ईस्टरआधीच्या आपल्या ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांबद्दल, म्हणजे लेंटबद्दल, 'उपवासकाळ मुलांसाठी आनंदी कसा कराल?' असं लिहिलं होतं. फ्रिजवर ४० चौकोनांचा तक्ता, रोज एक स्टिकर, टेबलावर जांभळी मेणबत्ती, शुक्रवारी मांस नाही म्हणून कोळंबीचा पुलाव, आणि तक्ता भरला की ईस्टरला सायकल! खाली बदामांचा नुसता पाऊस. गप्प बसणार होतो, राहवलं नाही.

ताई, हा प्रायश्चित्तकाळ आहे, वाढदिवस नाही. आमच्याकडे राखेच्या बुधवारी, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्याच दिवशी, दुपारी एकदाच पोटभर, बाकी दोन वेळा नावापुरतं. आजी तर ईस्टरपर्यंत मांसाला शिवत नसे. शुक्रवारी घरातच गुडघे टेकून क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटचालीतल्या चौदा स्थानांची प्रार्थना. प्रत्येक पोराला स्थानं वाटून दिलेली, माझ्याकडे कायम पाचवं, येशूचा क्रूस वाहायला मदत करणाऱ्या कुरेनेकर शिमोनाचं. बक्षीस कसलं, डुलकी लागली तर टपली! आणि मांसाचे वाचलेले पैसे डब्यात, डबा पुढे चर्चच्या दानपेटीत. बायबलमधला यशयाचा ५८वा अध्याय वाचा, भुकेल्याला अन्न द्या असं आहे. स्टिकर कुठेच नाहीत.

आगाशीची सून
ती ताई मी नव्हे, पण तक्ता माझ्याही फ्रिजवर आहे. चर्चगेटहून विरार लोकलने उभ्याने घरी पोचेस्तोवर साडेआठ होतात. मग चौदा स्थानं? तिसऱ्यालाच धाकटा घोरायला लागतो. आम्ही रोज एकच स्थान घेतो, दोन मिनिटं, आणि तो स्वतः वाचतो. नियमच बघायचा तर मांसवर्ज्य १४ वर्षांपासून आणि उपवास १८ ते ५९. माझा सात वर्षांचा आहे. त्याला टपलीने शिकवू?

आणि दादा, तुमच्या त्या एकवेळच्या जेवणाची भांडी कुणी घासली, तेही लिहा. पुरुषांनी गुडघे टेकायचे आणि बायकांनी उपाशीपोटी चूल फुंकायची, हा उपवासकाळ मी माहेरी पुरेसा पाहिलाय.

गासकर
भांड्यांचा विषय कुठून आला? माझा आक्षेप सायकलीवर आहे. आणि त्या कोळंबीवर. शेजारचे काका स्वतःच हसून म्हणतात, 'एकादशी अन् दुप्पट खाशी'. आपण तेवढंही कबूल करत नाही. चिकन सोडायचं आणि त्याच्या कितीतरी पट महागडं पापलेट तळायचं, वर म्हणायचं त्याग केला!

उत्तनचा दर्यावर्दी
आता मासळीवर घसरलात का? पापलेट बंगल्यात जातं, आमच्या ताटात नाही. आमच्याकडे शुक्रवार म्हणजे बांबूवर सुकवलेल्या बोंबलांची चटणी आणि भाकरी. नियमात मांस वर्ज्य आहे, मासळी नाही. प्रभूचा शिष्य पेत्र कोण होता? सुतार? मासे धरणाराच ना!

डिझेलचे भाव बघा, जाळ्यात मासळीपेक्षा प्लॅस्टिक जास्त येतं ते बघा. याच दिवसांत दोन पैसे सुटतात, तर तुम्ही म्हणणार मासळी खाऊ नका. मग आमच्या बायकांनी पाट्या घेऊन बाजारात बसायचं कशाला?

गासकर
तुमच्या धंद्यावर बोललो नाही. चैनीवर बोललो.

उत्तनचा दर्यावर्दी
चैन करणाऱ्याला नाव घेऊन बोला. मासळीला बोलू नका. माझा बाप ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी संध्याकाळी होडी ओढून ठेवायचा, ती ईस्टरनंतरच पाण्यात. ऐन भावाच्या दिवसांत तेवढी कमाई सोडायचा. हा त्याग कुठल्या तक्त्यात बसवणार?

बोरिवलीचा पोरगा
मी पहिल्यापासून शाकाहारी. मला कुणीच सांगत नाही काय सोडायचं. शुक्रवारी वरणभात खातो, तो सोमवारीही खातो. २०२४ला राखेचा बुधवार १४ फेब्रुवारीला आला, ऑफिसात सगळे केक खात होते आणि मी कपाळावर राख लावून बसलेलो. 'काय रे, लागलं का?' असं तिघांनी विचारलं. शेवटी यंदा जेवताना फोन बंद ठेवायचं ठरवलंय. आईने घोषणा झाली तेव्हा टाळ्या वाजवल्या, आता तीच ताटावर बसून रील बघते.

पापडीचे मास्तर
एक खुलासा. ४० चौकोन बरोबर आहेत, रविवार धरत नाहीत. ते धरले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे पवित्र शनिवारपर्यंत, ४६ होतात. म्हणजे रविवारी सोडलेली वस्तू खाल्ली तर चालते.

आगाशीची सून
मास्तर, हे माझ्या मुलाला कळता कामा नये! शनिवारी रात्री बारा वाजता चॉकलेट मागेल.

गासकरदादा, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्यायही वाचा. उपवास करताना तोंड उतरवून बसू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा असं प्रभूने सांगितलंय. तुमची पोस्ट वाचून तेल संपलंय असं वाटतं.

गासकर
तेल आहे. आणि मान्य, रोज एक स्थान ही कल्पना वाईट नाही. दमलेल्या बाईने तेवढं केलं तरी आमच्या घरच्या पेंगणाऱ्या पलटणीपेक्षा बरं. तक्ताही ठेवा हवा तर. फक्त स्टिकरच्या जागी त्या दिवशी वाचलेला रुपया लिहा, आणि ईस्टरला त्या पैशांची सायकल नको. कॅरिटास इंडिया या आपल्या कॅथलिक सेवासंस्थेची उपवासकाळातली मोहीम दरवर्षी असते, तिकडे द्या.

दर्यावर्दी, तुमच्या वडिलांबद्दल आदर. पण हॉटेलवाल्यांच्या 'लेंट स्पेशल सी-फूड थाळी'बद्दल माझं मत तेच आहे.

उत्तनचा दर्यावर्दी
त्या थाळीतली कोळंबी तलावातली असते. तिच्यावर पाहिजे तेवढं बोला.

आगाशीची सून
आणि भांडी?