जुन्या सीडीवरचे खेळ: खटपट करून चालवावेत की सरळ नवी आवृत्ती घ्यावी?

गोदाकाठी

परवा माळा आवरताना बुटांच्या खोक्यात 'मिस्ट' या कोड्यांच्या संगणक खेळाची सीडी सापडली. सोबत माझी तेव्हाची शंभरपानी वही. तरफांची चित्रं, घड्याळाचे आकडे, आणि एका पानावर आईच्या अक्षरात पाच स्वर. ज्यांनी खेळलाय त्यांना आठवेल: बेटावर एक यान आहे, त्यात पाच सूर आधी पट्ट्यांवर वाजवायचे आणि मग सरकत्या दांड्यांवर केवळ कानाने जुळवायचे. माझा कान म्हणजे दगड. आईने पेटी काढली, स्वर लिहून दिले आणि स्वयंपाकघरातून "अजून चढव, अजून... बास!" असं ओरडत ते यान तिनेच उडवलं. लोडशेडिंगच्या आत सेव्ह करायची घाई वेगळीच.

भावाकडून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, विंडोज ११च्या लॅपटॉपला लावला. उत्तर आलं, हे अ‍ॅप या पीसीवर चालणार नाही. कारण साधं आहे. खेळाची १९९४ची विंडोज आवृत्ती १६ बिटांची. ६४ बिटांचं विंडोज १६ बिटांचा प्रोग्रॅम चालवतच नाही, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटांतच येतं. इथे कम्पॅटिबिलिटी मोडवर (जुन्या विंडोजचं सोंग घ्यायची सोय) टिचक्या मारत बसणं फुकट आहे.

मग स्कमव्हीएम घेतलं, जुने खेळ आजच्या यंत्रावर चालवणारं फुकट सॉफ्टवेअर. सीडीवरच्या डॅट फाइली आणि व्हिडिओचा फोल्डर कॉपी केला, स्कमव्हीएमला तो फोल्डर दाखवला, खेळ सुरू. वीस मिनिटं. गंमत अशी की हे जुना संगणक उभा करतच नाही. मूळ प्रोग्रॅम बाजूला ठेवतं आणि खेळाच्या फाइली आपल्या इंजिनाने वाचतं. २००१ साली लुकासआर्ट्सच्या खेळांसाठी हौशी लोकांनी सुरू केलं, आज फोनवरही चालतं. डॉसबॉक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरची रीत उलटी, ते अख्खा डॉसचा (विंडोजच्या आधीच्या प्रणालीचा) संगणक नक्कल करून उभा करतं.

तर माझं मत: घरात सीडी असेल तर रीमेक घेण्याआधी ही खटपट करावीच. 'मिस्ट'चा पुढचा भाग 'रिवेन', त्याचा २०२४चा रीमेक कोडी बदलून आला. 'मिस्ट'च्या नव्या आवृत्तीत कोड्यांची उत्तरं बदलती ठेवायची सोय आहे. म्हणजे आईने लिहिलेली ओळ तिथे चुकीची ठरू शकते. मग तो माझा खेळ कसा?

सिडकोकर

काका, वीस मिनिटांत ड्राइव्ह आणायला गेलेला रविवार धरला का?

मी अंबडला पाळीत काम करतो. गेल्या वर्षी एक डॉसचा खेळ असाच हौसेने चालवायला घेतला. पहिली संध्याकाळ ड्राइव्ह जोडण्यात गेली. डॉसबॉक्समध्ये माउंट करताना हा ड्राइव्ह सीडी-रॉम आहे हे वेगळं सांगावं लागतं, नुसता फोल्डर म्हणून जोडला तर खेळ 'सीडी टाका' म्हणत बसतो. दुसरी संध्याकाळ सायकल्सचा, म्हणजे नकली संगणकाच्या वेगाचा, आकडा वरखाली करण्यात. कमी ठेवला तर माणूस गोगलगाय, जास्त ठेवला तर उंदीर. तिसऱ्या संध्याकाळी झोपलो. गॉग हे ऑनलाइन दुकान २००८पासून हेच खेळ जुळवून विकतंय, सेलमध्ये मिसळीच्या दोन प्लेटांच्या भावात मिळतात. क्लिक करा, खेळा, झोपा.

आणि तुमची आई रीमेकमध्येही सूर ओळखेलच की. कान तिचाच आहे ना?

गोदाकाठी

सिडकोकर, शेवटचं वाक्य लागलं. ते सोडून बाकीचं बोलतो.

गॉगचा डबा उघडून बघा. आत कितीदा तरी डॉसबॉक्स नाहीतर स्कमव्हीएमच असतं, फक्त आकडे कुणीतरी आधी भरून ठेवलेले. आणि तयार डब्याचं काय होतं ते 'ब्लेड रनर'ने दाखवलं. १९९७चा खेळ, ४ सीड्यांचा. मूळ सोर्स कोड हरवलेला. स्कमव्हीएमच्या लोकांनी २०१९ साली तो चालता केला, गॉगवरही त्याच रूपात आला. २०२२मध्ये 'सुधारित' आवृत्ती आली आणि जुनी दुकानातून काढली. नव्याला लोकांनी इतक्या शिव्या घातल्या की जुनी परत द्यावी लागली. ओरडा झाला नसता तर? माझ्या बुटांच्या खोक्यातून कुणी काही काढून नेत नाही.

जुनी_खाट

खोक्यातून कुणी नेत नाही, पण बुरशी खाते. श्रावणात आमच्या कपाटात चामड्याचा पट्टा हिरवा होतो, सीडीचं काय घेऊन बसलात.

पंचवटीतला_पेंटियम

दोघंही चुकताय. खेळ ज्या यंत्रासाठी केला त्याच यंत्रावर खेळावा. माझ्याकडे पेंटियम थ्री आहे, विंडोज ९८, जाड काचेचा मॉनिटर. ३२० बाय २०० चित्र त्या काचेवर ४:३मध्ये ताणून दिसायचं, चित्रकारांनी ते धरूनच काढलेलं. लॅपटॉपवर तेच चित्र तसंच चिकटवलं की सगळी माणसं बुटकी. तुम्ही बुटक्यांबरोबर खेळताय आणि 'मूळ अनुभव' म्हणताय.

गोदाकाठी

पेंटियमराव, सेटिंगमध्ये आस्पेक्ट रेशो दुरुस्त करायची खूण आहे. एक टिचकी, सगळे उंच. शिवाय 'मिस्ट' ६४० बाय ४८०चा, म्हणजे मुळातच ४:३, आमच्यात कुणी बुटकं दिसतच नाही. मदरबोर्डवरचे कपॅसिटर फुगले की काय करणार?

पंचवटीतला_पेंटियम

बदलणार. दोनदा बदललेत.

सोल्डरताई

माझं दुरुस्तीचं छोटं दुकान आहे, म्हणून हातातलं बोलते. लोक सीडीची खालची चकचकीत बाजू तान्ह्या बाळासारखी जपतात आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने नाव कोरतात. सीडीत चमकणारा थर वरच्या लाखेच्या अगदी खाली असतो. खालचा ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो, वरचा थर उडाला की विदा (डेटा) गेला. पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून नाही.

दुसरं, नुसत्या आयएसओवर, म्हणजे सीडीच्या एका फाइलीतल्या प्रतीवर, विसंबू नका. त्या काळच्या बऱ्याच सीड्यांवर पहिला ट्रॅक विदाचा आणि पुढचे चक्क गाण्यांच्या सीडीसारखे संगीताचे ट्रॅक असायचे. 'मंकी आयलंड'ची सीडी तशीच. आयएसओत फक्त विदा येतो. मग खेळ चालतो, पण मुका. बिन आणि क्यू अशी फाइलींची जोडी काढा, त्यात संगीतही येतं.

धाग्याच्या वादात मी काकांच्या बाजूने, पण आज. आणखी दहा वर्षांनी आमच्याकडे येऊन रडू नका.

सिडकोकर

ताई, म्हणजे मुद्दा माझाच. हे सगळं माहीत असणारा माणूस शहरात एखादा. बाकीचे सीडीची तपासणी चुकवणारा 'नो सीडी क्रॅक' शोधत कुठल्यातरी साइटवर जातात आणि व्हायरस घेऊन येतात. नव्वदीच्या अखेरीपासून सेफडिस्कसारखी नक्कल रोखणारी कुलुपं लावलेल्या सीड्यांना विंडोज १० मध्ये त्या कुलपाचा ड्रायव्हरच मिळत नाही. सुरक्षेत भोक होतं म्हणून २०१५ साली मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवरही तो बंद केला. अस्सल सीडी, पैसे मोजलेले, तरी चालत नाही. तिथे तुमचं स्कमव्हीएम प्रत्येक वेळी धावून येणार आहे का?

गोदाकाठी

नाही येणार. हा मुद्दा मान्य. त्याला ज्या इंजिनाची भाषा येते तेवढेच खेळ.

तारीखपेतारीख

सगळे 'माझी सीडी' म्हणताय म्हणून विचारते. १९५७च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ प्रोग्रॅमची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला हरवणं, खराब होणं यापासून बचावापुरती बॅकअप प्रत काढू देतं. 'कायदेशीरपणे' हा शब्द गिळू नका. काका, तुमच्या सीडीवर छापील चित्र आहे की मार्करने लिहिलेलं नाव?

आणि 'जुना झाला, आता कुणाचाच नाही' असं कायद्यात काही नसतं. मालकाने स्वतः मोकळा केला तर गोष्ट वेगळी. 'बिनीथ अ स्टील स्काय' २००३मध्ये कंपनीनेच फुकट दिला, तो खुशाल उतरवा.

जुनी_खाट

आता मजा येणार.

गोदाकाठी

मार्कर.

मामेभावाने मुंबईहून आणली होती. वडील इथे नाशिकच्या प्रेसमध्ये होते, तिथे नोटा छापतात आणि घरात नकली माल चालायचा नाही, म्हणून त्यांना 'मासिकाबरोबर फुकट आली' असं सांगितलं होतं. आज पंचविसाहून जास्त वर्षांनी इथे कबूल करतोय. काल रात्री विकतची आवृत्ती घेतली. सिडकोकर, हसू नका.

पण मत बदललेलं नाही. सावाना, म्हणजे नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, १८४०पासून आहे. तिथल्या जीर्ण पुस्तकाची नवी सुधारित आवृत्ती बाजारात आली म्हणून कुणी जुनी रद्दीत घालत नाही. विकत घेणं हा पैशांचा हिशेब झाला. पाहायचा तो १९९३ साली केलेला तोच खेळ, त्याच स्थिर चित्रांचा, एकामागून एक पानं उलटावीत तसा पुढे सरकणारा. हायपरकार्ड या मॅकवरच्या, कार्डं एकमेकांना जोडणाऱ्या साधनावर केलेला, म्हणून चालही तशीच. रीमेकमध्ये मोकळं फिरता येतं, आणि फिरता येतं म्हणूनच नजर कुठे ठरत नाही.

सिडकोकर

हसलो. माफ करा.

पण नजर ठरत नाही हे तुमचं झालं. माझ्या मुलीला मी तुमचा तो पानं उलटणारा खेळ दाखवला, तिने दोन मिनिटांत विचारलं, "बाबा, हे हँग झालंय का?" रीमेक तिने रात्री साडेअकरापर्यंत सोडला नाही. वही मात्र तिनेही केली, कुणी सांगितलं नव्हतं.

गोदाकाठी

वही केली? कसली, रेघांची की चौकटींची?

रविवारी आई इकडे आहे, गंगापूर रोडला. पेटीचा भाता थोडा फाटलाय, तरी वाजते. मुलीला घेऊन या.

सिडकोकर

येतो. लॅपटॉपही आणतो, रीमेक घातलेला. आजींना दोन्हीकडचं यान ऐकवू, कुठलं बेसूर ते त्या सांगतील.

पंचवटीतला_पेंटियम

मॉनिटर उचलायला कुणीतरी या. एकट्याने जिना उतरत नाही.