२०४ समोरचा दिवा

३०१ कुलकर्णीवहिनी: काल धनत्रयोदशीला २०४ च्या बंद दारापुढे यमदीप कोणी ठेवला? वात दक्षिणेला, सगळं साग्रसंगीत. तिथे राहतं कोण आता? फरशीभर तेल, मी पडता पडता वाचले.

१०३ खजिनदार: टँकरचे ३५० रु. अजून ९ जणांचे बाकी 🙏

२०३ ग्रेसमावशी: मी ठेवला वहिनी. सॉरी, तेल पुसते.

३०१ कुलकर्णीवहिनी: तुम्ही??

४०२ सावेकाका: कणकेचा होता. होता म्हणतोय, कारण पहाटे मांजरीने खाल्ला 😂

१०१ बंटी: चला, मांजरीचा अपमृत्यू टळला

४०१ फिलिपदादा: ग्रेस, फादरना विचारलंस का? वसईत लोक आधीच बोलतात, आपले दिवाळीत कंदील लावतात म्हणून.

२०३ ग्रेसमावशी: कंदील आणि नाताळचा तारा, कामट्या त्याच रे. आणि इतर धर्मांत जे खरं नि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हे व्हॅटिकनने १९६५ सालीच लिहून ठेवलंय.

४०१ फिलिपदादा: तिथे यमाला दिवा लावा असं नाही लिहिलं.

३०१ कुलकर्णीवहिनी: शिवाय यमदीप गेलेल्यांसाठी नसतो. काकू मे महिन्यात गेल्या. माहिती नसेल तर करू नये, स्पष्ट बोलते.

१०३ खजिनदार: टँकर. ३५०. आता ८ जण. सावेकाका तुम्हीही.

४०२ सावेकाका: मी रोख दिलेत, वही बघा!!

२०३ ग्रेसमावशी: वहिनी, माहीत आहे. बावीस वर्षं काकूंच्या शेजारी कणिक मळलीय, हळद घालून. त्या म्हणायच्या, हा जित्यांसाठी. त्यांचा लेक एकटा आहे तिकडे कॅनडात, दिवा त्याच्यासाठी. काकूंसाठी माझी मेणबत्ती वेगळी. २ नोव्हेंबरला आमच्यांच्या कबरींवर लावते ना, तिथेच कडेला एक त्यांच्या नावाची. मागणं एकच, अंधारात माणूस एकटं पडू नये. येशूला चालतं, फिलिपला विचारून सांगते 🙂

४०१ फिलिपदादा: टोमणा कळला.

३०१ कुलकर्णीवहिनी: बरं. पण दिव्याखाली ताटली ठेवायची हो. आणि तेल नुसतं पुसून जात नाही, आधी पीठ टाका.

२०४ (कॅनडा): मावशी, आत्ता वाचलं. थँक्यू. आई हळद घालायची हे मी विसरलोच होतो.

१०३ खजिनदार: अरे वा, आहात का ग्रुपवर! २०४ चा मेंटेनन्स एप्रिलपासून बाकी आहे. पर्सनलवर क्यूआर पाठवतो.