झाडोऱ्याने बुजलेल्या पायवाटांवर सायकल न्यावी की त्या वाटा रानाला सोडून द्याव्यात?

धागाकर्ता

वापर थांबल्यामुळे झुडपांनी भरून गेलेल्या रानवाटांवर, मित्राला सोबत घेऊन, डोंगरी सायकल चालवण्याच्या बाजूने मी येथे लिहीत आहे. रुंद, मोकळ्या वाटेवर स्वार वेगाच्याच मागे लागतो. बुजलेल्या वाटेवर वेग आपोआप उतरतो आणि सगळे लक्ष जमिनीकडे लागते: पाल्याखाली दगड आहे की मूळ, माती कितपत ओली आहे, पुढचे वळण कोणत्या अंगाला आहे. ओल्या मुळावरून तिरके गेल्यास पुढचे चाक सटकते, म्हणून ते शक्य तितक्या काटकोनात आणि ब्रेक मोकळे सोडून ओलांडायचे, ही समज अशाच ठिकाणी अंगात मुरते.

एकट्याने जाण्याला मात्र माझा ठाम विरोध आहे, कारण जिथे कोणी फिरकतच नाही तिथे पडून हाड मोडल्यास मदत आणायला कोणीतरी हवे. पुढच्याने आडवे खोड किंवा खड्डा दिसताच ओरडून सांगावे आणि मागच्याने बऱ्यापैकी अंतर राखावे. पुढच्याच्या खांद्याला अडकून वाकलेली फांदी सुटते, ती थेट मागच्याच्या तोंडावर येते.

प्रतिसाद १

तुमचा आनंद खरा असेल, पण वाट बुजली याचा अर्थ तिथे रान पुन्हा उगवू लागले आहे, आणि ते आपण का मोडावे, याचे उत्तर तुमच्या लेखनात नाही. दोघे जण जाऊन आले की चाकांचा माग उमटतो, त्या मागावरून तिसरा येतो आणि मग वाट पुन्हा बुजत नाही. जमिनीवर किंवा बुटक्या झुडपांत घरटी करणाऱ्या पक्ष्यांना नेमकी अशीच जागा लागते. टायरला चिकटलेल्या चिखलातून उपऱ्या तणांचे बी आत जाते, ते वेगळेच. शिवाय कित्येक वाटा मुद्दाम बंद केलेल्या असतात.

प्रतिसाद २

सायकलीला इतके दोषी धरणे अभ्यासाला धरून नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यातील डोंगरवाटांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, भिजवलेल्या वाटांवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा अधिक माती सुटी केल्याचे आढळले. कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या पानगळीच्या जंगलात झालेला प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे एकाच पट्ट्यावरून ५०० पर्यंत फेऱ्या करून पाहिल्या, तेव्हा चालणे आणि सायकल यांच्या परिणामांत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि वर्षभरात झाडोरा बऱ्याच अंशी सावरला. पायी जाणाऱ्याला जी वाट खुली आहे, ती सायकलस्वाराला बंद करण्याचा आधार यातून निघत नाही.

प्रतिसाद १ कडून उत्तर

हे दाखले योग्य आहेत, परंतु त्यांतून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. ओंटारिओत झाडोरा सावरला तो फेऱ्या थांबल्यानंतर, आणि आपला वाद नेमका फेऱ्या सुरू करण्याबद्दल आहे. तुलनाही चालण्याशी आहे. जिथे आज कोणी चालतही नाही, तिथे ती लागू होत नाही. मोठे नुकसान मला दोन जागी दिसते. उतारावर मागचे चाक जाम करून घसरत नेले की चर पडतो आणि पुढचा पाऊस त्याच चरातून वाहतो. आडव्या खोडाला किंवा चिखलाला वळसा घातला की शेजारी दुसरी वाट तयार होते. बुजलेल्या वाटेवर अशी खोडे पावलोपावली असतात.

प्रतिसाद ३

माझी हरकत पर्यावरणापेक्षा साधी आहे. गवतात पडलेली बोटभर जाडीची काटकी मागच्या चाकाच्या आऱ्यांत शिरते, चाकाबरोबर फिरून डिरेलरला (गिअर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला) अडकते आणि एका क्षणात त्याचा हँगर (डिरेलर सांगाड्याला जोडणारी धातूची पट्टी) वाकवते किंवा मोडते. पायडल जड लागताच थांबले नाही, तर सायकल ढकलत परतावे लागते. सुटा हँगर आणि साखळीची जोडकडी सोबत नसेल, तर अशा वाटेला जाऊच नये.

धागाकर्ता

मुद्दाम बंद केलेल्या वाटेवर जाऊ नये, हे मला पूर्ण मान्य आहे, आणि जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची परवानगी आधी घ्यावी. पण दुर्लक्षामुळे बुजलेली वाट वेगळी. तिच्यावरून पहिली फेरी दोघांनी पायीच करावी, घरटी आणि पाण्याचे ओहोळ पाहावेत, वाटेवर झुकलेल्या फांद्यांखेरीज काहीही कापू नये आणि खोड आडवे असेल तर वळसा न घालता सायकल उचलून पलीकडे न्यावी. जमीन ओली असताना जाऊ नये. एवढे पाळणारे दोघे त्या वाटेची राखणच करतात, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १

विणीच्या हंगामात ती वाट पूर्ण बंद ठेवण्याची अटही तुम्ही घालणार असाल, तर पायी फेरीपुरता माझा विरोध मी मागे घेतो. सायकलीपुरता तो कायम आहे.