उजनीच्या पाण्यात लहान होडीसाठी नांगर आणि साखळी कोणती घ्यावी?

प्रश्न (करमाळा तालुका, जि. सोलापूर)

नमस्कार. उजनी जलाशयात मासेमारीसाठी आमची 18 फूट लांबीची फायबरची होडी आहे. होडी एका जागी थांबवण्यासाठी आजवर आम्ही दोराला दगड बांधून सोडत आलो. परंतु वळवाचे वारे सुटले की दगड तळावरून घसरत जातो आणि होडी आमच्याच जाळ्यावर येते. मे 2024 मध्ये कुगाव ते कळाशी या मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचे प्राण गेले, तेव्हापासून घरची माणसे फार धास्तावलेली असतात. आता लोखंडी नांगर घ्यायचा आहे. जितका जड तितका चांगला, असे दुकानदार सांगतात, ते खरे आहे का? साखळी खरोखरच लागते का? आम्ही थांबतो तिथे पाणी साधारण 6 मीटर असते. तळाला बहुतेक ठिकाणी काळा गाळ आहे, पण काठाकडे बुडालेल्या बाभळींची खोडे आणि जुन्या घरांचे पाये आहेत.

उत्तर (टेंभुर्णी)

नमस्कार दादा. दुकानदाराचे म्हणणे अर्धेच खरे आहे. दगड केवळ वजनावर होडी धरतो आणि ते वजनही पाण्यात घटते. 20 किलोचा काळा दगड पाण्यात जेमतेम 13 किलो भरतो. नांगर तळात रुतून धरतो, आणि तो रुततो केव्हा, तर त्याच्यावरची ओढ तळाशी जवळजवळ आडवी असते तेव्हा. ओढ वरच्या दिशेने गेली की फाळ (तळात रुतणारी पाती) उचलले जातात आणि मग वजन फारसे कामाला येत नाही. म्हणून साखळी हवीच. तिच्या भाराने नांगराचा दांडा खाली दबलेला राहतो, शिवाय तळाच्या दगडांवर दोर घासत नाही. आपल्या होडीला 6 मिलिमीटर जाडीची, आखूड कड्यांची, जस्ताचा जाड मुलामा असलेली साखळी 5 ते 6 मीटर पुरेशी आहे.

गाळासाठी रुंद, चपट्या आणि दांड्याशी हलणाऱ्या दोन फाळांचा डॅनफोर्थ नांगर घ्यावा. 5 किलोचा चालेल. खरी चूक होते ती दोराच्या लांबीत. पाण्याची खोली आणि पाण्यापासून होडीच्या पुढच्या टोकाची उंची यांची बेरीज करून शांत पाण्यात तिच्या पाचपट आणि वाऱ्यात सातपट लांबी सोडावी लागते. आपल्या ठिकाणी ही बेरीज साडेसहा मीटर धरली, तर वाऱ्यासाठी साखळीसह सुमारे 45 मीटर सोडावे लागतील. बरेच जण जेमतेम तळ गाठेल एवढाच दोर सोडतात आणि नांगर धरत नाही म्हणून त्यालाच दोष देतात.

उत्तर (काठावरचे एक मच्छीमार)

वरील मताशी सहमत आहे, पण खोडांच्या आणि पायांच्या जागी डॅनफोर्थ टाकू नका. तो फटीत अडकला की निघत नाही. तिथे लोखंडी सळया वाकवून केलेला चार काट्यांचा नांगर बरा. कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात तो होतो. सळई फार जाड घेऊ नये, म्हणजे अडकल्यावर जोराने ओढले की काटा सरळ होतो आणि नांगर सुटून येतो. जिथे काटे एकत्र येतात तिथे वेगळी बारीक दोरी बांधून तिच्या वरच्या टोकाला रिकामा कॅन लावावा. त्या दोरीने उलट दिशेने ओढता येते. मऊ गाळात मात्र हा नांगर धरत नाही, म्हणून दोन्ही जवळ असावेत.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. बाजारात प्लॅस्टिकचा दोर स्वस्त मिळतो, तो चालेल का?

उत्तर (टेंभुर्णी)

तो घेऊ नये. तो पाण्यावर तरंगतो, त्यामुळे इंजिनाच्या पंख्यात अडकू शकतो, आणि उन्हाने लवकर कडक होऊन तुटतो. 12 मिलिमीटरचा नायलॉन दोर घ्या; तो बुडतो आणि ताणला जात असल्याने लाटेचा हिसका सोसतो. साखळी जोडणाऱ्या शॅकलची (U आकाराच्या लोखंडी कडीची) पिन तारेने बांधून ठेवा, नाहीतर ती हळूहळू फिरून निघते. दोर नेहमी होडीच्या पुढच्या टोकालाच बांधा, कारण मागे बांधल्यास इंजिनाच्या भाराने आधीच खाली गेलेल्या बाजूवरून लाट आत येते. आणि वळवाचे ढग दिसू लागले की नांगरावर थांबू नका, तडक काठ गाठा. उचलायला वेळ नसेल तर दोर कापता यावा म्हणून पुढच्या बाजूला धारदार सुरी कायम ठेवा.