ताखी घोडे थेट रानात का सोडत नाहीत?

गवताळ:
प्राणिसंग्रहालयात वाढलेले प्रझेवाल्स्की घोडे, म्हणजे ताखी, मंगोलियात नेल्यावर आधी वर्षभर, कधी त्याहूनही जास्त काळ कुंपणात ठेवतात असं वाचलं. गवत खाणारा प्राणी, मग कोंडायचं कशाला? आणि सोडल्यावर दगावतात ते नेमके कशाने?

खूर:
पहिलं कारण गोचीडताप. युरोपात पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या ताखींना या तापाशी लढायची सवयच नसते. १९९२ पासून गोबीतल्या ताखीन तालला घोडे यायला लागले, तेव्हा सुरुवातीला काही याच तापाने गेले. थंडी ओसरली की गोचिडी उठतात, आणि तेव्हाच घोडा हिवाळ्याने खंगलेला असतो. कुंपणात असला की मलूल झालेला, तांबडी लघवी करणारा घोडा लगेच नजरेत येतो, औषध देता येतं. मोकळ्या रानात तो सापडेपर्यंत फार उशीर होतो.

दुसरं कारण कळप. निरनिराळ्या ठिकाणांहून आलेल्या घोड्या एका नराभोवती जमायला वेळ लागतो. त्याआधीच दार उघडलं तर घोडे पांगतात, आणि एकट्या पडलेल्या घोडीचं शिंगरू लांडग्याच्या तावडीत सहज सापडतं. मंगोलियातल्याच हुस्ताई राष्ट्रीय उद्यानात शिंगरांच्या मृत्यूत लांडग्यांचा वाटा मोठा आहे.

माळरान:
प्रवासही सोपा नाही. प्रत्येक घोडा वेगळ्या पेटीत, तोही उभाच न्यावा लागतो. बसला तर रक्ताभिसरण बिघडतं. जून २०२४ मध्ये प्राग आणि बर्लिनहून कझाकस्तानला ८ घोडे न्यायचे होते. एक प्रागलाच उड्डाणाआधी खाली बसला. त्याला माघारी नेलं, ७ गेले. असा घोडा हट्टाने पुढे नेऊच नये.

उत्तरवारा:
सोडल्यानंतरचा सगळ्यात मोठा घात हिवाळ्याचा. जनावरं मारणाऱ्या कडक हिवाळ्याला मंगोलियात ‘झुद’ म्हणतात. २००९-१० च्या झुदमध्ये गोबीतले ६० टक्क्यांच्या आसपास ताखी मेले. त्याच भागातली खुलान (कच्छच्या रणातल्या रानगाढवाचीच जात) मात्र बरीच तगली. फरक वावराचा आहे. खुलान हजारो चौरस किलोमीटर फिरते, त्यामुळे बर्फ कमी असलेल्या बाजूला सरकली. ताखीचा वावर साधारण १५० ते ८२५ चौरस किलोमीटर, तोही चांगल्या गवताच्या पट्ट्यांना धरून. ओळखीचं कुरण बर्फाखाली गेलं तरी तो तिथेच उकरत राहतो.

म्हणून सगळे घोडे एकाच खोऱ्यात वाढवणं मला धोक्याचं वाटतं. हुस्ताई, ताखीन ताल आणि खोमीन ताल ही मंगोलियात ताखी सोडलेली ठिकाणं एकमेकांपासून लांब आहेत हे फार चांगलं आहे.

गवताळ:
आणि गुराख्यांच्या घोड्यांशी संकर झाला तर?

खूर:
तो धोका कायमचा. ताखीची गुणसूत्रं ६६, पाळीव घोड्याची ६४. संकरित शिंगराची ६५ भरतात, पण ते खेचरासारखं वांझ नसतं, त्यामुळे पाळीव रक्त पुढे पसरत जातं. आजचे सगळे ताखी रानातून धरलेल्या जेमतेम डझनभर घोड्यांचे वंशज, म्हणून हे जास्तच लागतं. नर ताखी गुराख्यांच्या घोड्या आपल्या कळपात ओढतो, त्या वेळीच वेगळ्या काढाव्या लागतात. शंका आली तर निव्वळ उभ्या आयाळीवर विसंबू नये. मुळासकट उपटलेले केस डीएनए तपासणीला पाठवावेत.