चर्चा: सात-आठ वर्षांच्या मुलांना आधी रहस्यकथा द्यावी की सर्जनशील ॲप?

धागाकर्ती:
दुसरी-तिसरीतल्या मुलांसाठी सोपी रहस्यकथा कोणत्याही ॲपच्या आधी यायला हवी, असे माझे ठाम मत आहे. रहस्य वाचणारे मूल पुढे काय झाले या ओढीने पान उलटते आणि मागे आलेला चिखलाचा ठसा किंवा कोणाचे तरी विसंगत बोलणे लक्षात ठेवते. हे ध्यानात ठेवणे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. डोनाल्ड सोबोल यांच्या 'एन्सायक्लोपीडिया ब्राऊन' या १९६३ साली सुरू झालेल्या मालिकेत प्रत्येक प्रकरण मोजक्या पानांत संपते आणि उकल पुस्तकाच्या अखेरीस छापलेली असते, म्हणजे वाचकाला आधी स्वतः विचार करावाच लागतो.

पहिला प्रतिसाद:
मी असहमत आहे. ज्या मुलाला जोडाक्षरांशी अजून झगडावे लागते, त्याला फुरसुंगीच्या बनेश फेणेचा वेग कसा झेपणार? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे मलाही प्रिय आहे, पण तो दोन-तीन वर्षांनी वाचावा. पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी २०१४ साली आलेल्या 'स्क्रॅचज्युनिअर' या मोफत ॲपमध्ये सूचनांचे ठोकळे जोडून हलती गोष्ट बनवता येते. हे ठोकळे चित्रांचे आहेत, त्यामुळे वाचता न येणारे मूलही पात्रांना चालवू शकते आणि स्वतःच्या आवाजात बोलवू शकते. शिवाय एका प्रकल्पात चारच पाने मिळतात. एखाद्या वस्तूला बोट लावले की पुढचे पान उघडावे, अशी योजना करता येते, आणि चार पानांत धागादोरा कुठे लपवायचा हे मुलालाच ठरवावे लागते.

धागाकर्ती:
चार पानांची मर्यादा खरोखर उपयुक्त आहे, हे मान्य. परंतु स्वतः रहस्य रचणाऱ्या मुलाला चोर कोण हे आधीच ठाऊक असते. उत्तर माहीत नसताना तग धरण्याचा अनुभव त्याला मिळत नाही, आणि माझा आग्रह नेमका त्यासाठी आहे. शिवाय 'सर्जनशील' म्हणून मुलांसमोर येणाऱ्या कितीतरी ॲपमध्ये तयार चित्रात बोटाने रंग ओतण्यापलीकडे काही नसते, आणि मध्येच जाहिरात येते ती वेगळीच.

दुसरा प्रतिसाद (प्राथमिक शिक्षिका):
आपण दोघेही घरात टॅब्लेट किंवा विकतचे पुस्तक आहे असे गृहीत धरत आहात. 'स्क्रॅचज्युनिअर' मुख्यतः टॅब्लेटसाठी बनवलेले आहे, आणि माझ्या वर्गातील बहुतेक घरांत एकच फोन असतो, तोही संध्याकाळनंतर मोकळा होतो. अशा घरांना मी 'प्रथम बुक्स' या प्रकाशन संस्थेचे, २०१५ साली सुरू झालेले 'स्टोरीवीव्हर' हे संकेतस्थळ सुचवते. तेथे मराठी गोष्टी वाचनपातळीनुसार विनामूल्य मिळतात. वर्गात मी रहस्यकथा मोठ्याने वाचते, उकलीच्या आधी थांबते आणि प्रत्येकाकडून संशयिताचे नाव कारणासह लिहून घेते. अडखळत वाचणारी मुलेही यात मागे राहत नाहीत.

पहिला प्रतिसाद देणारे:
मग वाचन आपले झाले, मुलांचे नाही. तरीही कारण लिहून घेणे मला पटते. फक्त ज्याला लिहिणेही जड जाते, त्याला ते कारण चित्रांतून किंवा आवाजातून मांडू द्या.