आईची गाठ आधी काढायची की आधी केमो?

गंगावेसकर:
आईचं वय ५४. डाव्या स्तनात लिंबाएवढी गाठ, काखेतही एक हाताला लागते. सुईची बायोप्सी झाली, कॅन्सरच निघाला. आम्ही ऑपरेशनची तयारी करून गेलो, तर डॉक्टर म्हणाले आधी स्कॅन, मग केमो, ऑपरेशन नंतर. मामा रोज फोन करतात, "सुई टोचली की पसरतो, आता वेळ घालवू नका, गाठ काढून टाका." आईला झोप नाही. म्हणते, "हे अंगात ठेवून मी कशी राहू?" कुणी यातून गेलंय का?

शाहूपुरीची काकी:
बाळा, मी गेलेय. २०१७ साली. माझीही काखेत उतरली होती, माझीही केमोच आधी झाली.

सुईनं पसरतो हे मामांच्या डोक्यातून काढ. त्या सुईच्या तुकड्यावरच पुढचं सगळं ठरतं. रिपोर्टात ईआर, पीआर (गाठ बाईच्या हार्मोनवर वाढते का ते) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन जास्त आहे का ते) या तीन ओळी बघ. पहिल्या दोन पॉझिटिव्ह असतील तर नंतर निदान पाच वर्षं हार्मोन रोखणारी गोळी असते. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर त्याचं इंजेक्शन वेगळं, ते बहुतेक केमोबरोबरच सुरू होतं. हर-टूपुढं '२+' लिहिलं असेल तर ते धड हो नाही, धड नाही नाही; त्याच तुकड्यावर फिश नावाची पक्की तपासणी करून घ्या, त्याशिवाय पुढं जाऊ नका.

आता केमो आधी का? ऑपरेशन आणि शेक (रेडिएशन) जागेवरचं काम करतात. केमो रक्तातून अंगभर फिरते. काखेत पोचलाय म्हणजे आणखी कुठं बारीक कण गेले असतील, ते स्कॅनला दिसत नाहीत. त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून मारा सुरू होतो. शिवाय गाठ आटली की कधी कधी स्तन वाचतो, आणि औषध लागू पडतंय का ते डोळ्यांनी कळतं. माझं सांगते, दुसऱ्या केमोनंतर आंघोळीला बसले, हात फिरवला तर गाठ बोटाला लागेना. साबण हातात धरून मी तशीच बसून राहिले.

पण तिथंच सांभाळायचं. माझ्या शेजारच्या खुर्चीवर गडहिंग्लजकडची एक बाई असायची. तिसऱ्या केमोनंतर गाठ लागेना म्हणून घरच्यांनी उपचार थांबवले, गावठी औषध सुरू केलं. आठ महिन्यांनी परत आली तेव्हा हाडात गेला होता. तिचा हात माझ्या हातात होता, अजून आठवतो. गाठ हाताला लागली नाही तरी ऑपरेशन करायचंच. म्हणून केमोआधीच गाठीत खुणेची बारीक क्लिप घालणार का, विचारा. नाहीतर सर्जनला जागा शोधावी लागते.

आणि घरात थर्मामीटर ठेवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. १००.४ ताप दिसला की रात्रीचे दोन वाजलेले असोत, हॉस्पिटल गाठायचं. मी गोळी घेऊन सकाळ होण्याची वाट बघितली आणि चार दिवस आयसीयूत काढले.

कागलचा सागर:
आमच्या अण्णांचा तोंडाचा होता, गालाच्या आत. त्यांचं ऑपरेशन आधी, शेक नंतर. कुठला अवयव, कितवी स्टेज, यावर क्रम बदलतो. मामांनी दुसऱ्या कुणाचं बघून सांगितलं असेल.

दोन कामं आजच करा. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपतात ते मेणाचे ब्लॉक आणि काचा मागून घ्या, मुंबईला परळच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दुसरं मत घ्यायचं झालं तर नुसता कागद पुरत नाही. आणि रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेच्या माणसाला भेटा. मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत बसत असेल तर मंजुरी उपचार सुरू व्हायच्या आधी लागते. आम्ही पहिली केमो रोख भरून मग गेलो, ते पैसे परत मिळाले नाहीत.

गंगावेसकर:
काकी, आईला सगळं वाचून दाखवलं. साबणाचं तिनं पुन्हा वाचायला लावलं. हर-टूचा रिपोर्ट गुरुवारी येतोय, क्लिपचं उद्या विचारतो. आईचा एक प्रश्न आहे, केमो चालू असताना पांढरा रस्सा चालेल का?

शाहूपुरीची काकी:
चालेल की. घरचा, ताजा, उकळता, मटण पूर्ण शिजलेलं. मिरी कमी घाल, तोंड आलं असेल तर अजिबात नको. मी चौथ्या दिवशी वाटीभर प्यायचे, आधी दोन दिवस पाणीसुद्धा नको वाटायचं. तिला माझ्याशी बोलायचं असलं तर निरोपात नंबर पाठव, दुपारी मी मोकळी असते.